ताईच्या रिपोर्टचं दुसरं पान

मंडळी, जानकीपुरमच्या या छोट्या हॉलमध्ये तुम्ही सगळे आलात. गोमती नगरहून आलात, काही जण कानपूरहून आलात. ताईच्या या शोकसभेत मला बोलायला सांगितलंय. पण मी रडायला नाही, रागानं बोलायला उभा आहे. ते आधीच सांगून टाकतो.

माझी थोरली बहीण, सुनंदाताई. सरकारी कचेरीत अनुवादक. वर्ध्याची मुलगी लखनौत येऊन इथल्या साहेबांची हिंदी दुरुस्त करायची! समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हिचं उत्तर तयार. किडनीचा आजार निघाला, तरी चार वर्षं पथ्य सांभाळून ती ऑफिसला जात होती. डायलिसिसची वेळ आली नव्हती.

मग ती मंदावली. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. गेल्या जूनमध्ये आपण मलिहाबादला आंब्याच्या बागेत गेलो होतो, आठवतं? आपण घामानं निथळत होतो आणि ताई स्वेटर घालून बसली होती. आपण हसलो. हसलो की नाही? कुणी तरी म्हणालं, "ताईंचं आता वय झालं." बावन्न! बावन्न हे काय वय झालं?

फक्त तिची लेक प्रज्ञा मला सांगत होती, "मामा, मम्मी ऐसी नहीं हैं. कुछ और है." मी म्हणालो, "बेटा, किडनीचं आहे ते."

थकवा? किडनी. सूज? किडनी. थंडी वाजते? किडनी!

हॉस्पिटलात तपासणीच्या दिवशी मी बरोबर होतो. ताईनं रिपोर्टचं दुसरं पान किडनीच्या डॉक्टरांपुढे धरलं. "डॉक्टर साहब, ये थायरॉइड के आगे निशान क्यों है? कोलेस्टेरॉल भी इतना ज़्यादा?" त्यांनी पानाकडे बघितलंसुद्धा नाही. "माताजी, किडनी में ये सब चलता रहता है." ताईनं पुन्हा विचारलं. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, काय म्हणालो? "ताई, पुरे. बाहेर लाइन लागलीय. तुला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं का?"

तिनं ते पान घडी घालून फाइलमध्ये ठेवलं. माझ्यामुळे ठेवलं.

आठ महिने गेले. मग प्रज्ञा तिला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सगळी फाइल वाचली. म्हणाल्या, किडनीच्या रुग्णांत थायरॉइड मंदावणं, कोलेस्टेरॉल वाढणं हे नेहमी दिसतं. अहो, मी म्हणतो, नेहमी दिसतं म्हणूनच तर बघायचं असतं ना! थायरॉइड मंद पडलं की कोलेस्टेरॉल आणखी चढतं आणि सगळा भार हृदयावर येतो. थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. दीड महिन्यात ताईनं फोनवर माझ्या मराठीतली चूक काढली. मला वाटलं, आली, आमची ताई परत आली.

पुढच्याच पंधरवड्यात, सकाळी चहा गाळताना, हार्ट अटॅक आला.

गोळ्या वेळेवर मिळाल्या असत्या तर ती वाचली असती का? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पक्का नहीं कह सकती." मलाही सांगता येत नाही. पण ते आठ महिने तिच्या हक्काचे होते. "चलता है" म्हणणाऱ्यानं ते घालवले आणि "पुरे" म्हणणाऱ्यानंही घालवले. आज कृपा करून कुणी मला नशिबाच्या गोष्टी सांगू नका.

प्रज्ञा, बेटा, तू बरोबर होतीस. सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं. सोमवारी आपण दोघं त्या हॉस्पिटलात जाऊ आणि लेखी तक्रार देऊ. त्या खोलीत मी काय बोललो, तेही त्यात लिहीन. माझ्या सहीनिशी.

आता उभे राहू या. दोन मिनिटं तिच्यासाठी.

ताई, जय भीम.