सगळ्यांच्या आधी

गिरीज गावच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे पन्नाशीतले एक टायपिस्ट आणि त्यांना कॉम्प्युटर शिकवणारी शेजारची ग्लोरिया.

"अंकल, नोकरी टिकवायची ती टेस्ट कशी झाली?"

"तू सांगितलंस तसंच केलं, बाय. ओळ संपली तरी एन्टर नाही मारला."

"टाइपरायटरसारखी घंटीची वाट नाही ना बघितली?"

"एकदाच. मग आठवलं, हे मुकं आहे."

"आणि वेळ पुरला?"

"सगळ्यांच्या आधी संपवलं. पोरं अजून अक्षरं शोधत होती."

"वा! मग सेव्ह केलंत ना?"

"बटण बंद केलं, मशीनवर कव्हर घातलं आणि उठलो. अठ्ठावीस वर्षं तसाच उठतोय."

"अरे देवा. मग?"

"साहेबांनी मशीन परत चालू केलं. म्हणाले, तुम्ही तर एक अक्षरही टाइप केलेलं नाही."