समोरची खुर्ची

कानाच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबराची वाट बघत होत्या. एरवी कमी ऐकू यायचं, पण शेजारच्या आजोबांकडे आणि त्यांच्या लेकीकडे त्यांचा कान बरोबर लागला.

“आठवडाभर वापरलंत ना, बाबा? मग कानाचं मशीन परत का करायचं?”

“मी एकटा जेवायला बसलो, की समोरची खुर्ची करकरते. कुणी बसल्यासारखी.”

“फ्रिजचा आवाज असेल.”

“फ्रिज घास चावतो होय गं?”

“मग ते दुसरं मशीन घेऊ. त्यात नको ते आवाज येत नाहीत म्हणे.”

“आवाज जाईल गं. पण समोरचा उठून जाईल का?”

लेकीनं परत करायला काढलेली मशीनची डबी पुन्हा पिशवीत ठेवली.

“हेच ठेवा, बाबा. लहानपणापासून मी त्या खुर्चीवर का बसत नाही, ते तुम्हाला आत्ता कुठे ऐकू आलंय.”