कोळंबीचा नवस

मी कोळंबी का सोडली, हे मला विचारा, वालावलच्या माझ्या मामीला विचारू नका. चाळिशी उलटल्यावर मला तिची ॲलर्जी निघाली. खाल्ली की अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो. डॉक्टर म्हणाले, कायमची बंद.

मामीकडे जेवायला गेलो तेव्हा ती सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचंच, सुकं वाढत होती. मी ॲलर्जी सांगितली.

"ती मुंबयकारांका होता. तू हयलोच रे. चार खा, काय होवचा नाय."

शेवटी मी म्हटलं, "मामी, देवाक नवस बोललंय. सुंगटां बंद."

मामीने मुकाट्याने माझं ताटच बदललं. डॉक्टरांच्या चिठ्ठीला एवढा मान कुठेच मिळाला नव्हता.

जरा वेळाने तिने विचारलं, "देवाकडे मागलंस तरी काय?"

एका दिवसात एकच खोटं पुरे, म्हणून मी खरं कारणच सांगितलं. "अंगाची खाज जांवदे म्हणून."

"मगे, गेली?"

"सुंगटां सोडल्यापासून खाज नाय."

मामीने देवघराकडे बघून हात जोडले. "पावलो रे देव. म्हणजे तुझो नवस फिटलो."

आणि कोळंबीचा टोप पुन्हा माझ्यापुढे सरकवला.