दाराला कुलूप

मुलुंडच्या दवाखान्यात रुक्मिणीच्या मागच्या बाकावर नवरा-बायको हळू आवाजात भांडत होते. हळू म्हणजे, निम्म्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढंच.

"डॉक्टर विचारतील ना, कंबर कशाने धरली?"

"वजन उचललं म्हण."

"कोर्टातल्या बेलिफला कसलं वजन? तुम्ही त्या म्हातारीचं घर रिकामं करायला गेला होतात ना?"

"दोनदा गेलो. दोन्ही वेळा दाराला कुलूप. तसाच रिपोर्ट दिला."

"ब्याण्णव वर्षांची बाई, दोन जिने उतरून गेली कुठे?"

"समोरच्या देवळात."

"नेमकी तुमच्याच वेळेला? कशी उतरली?"

"मीच उचलून नेली."

"आणि कुलूप?"

"तेही मीच लावलं. तिचे हात थरथरतात गं."

"अहो, हायकोर्टाचा निकाल आहे तो!"

"चुकलाय निकाल. साठ वर्षं राहिलीये ती तिथे."

"ते तुम्ही ठरवणार? उद्या सगळेच बेलिफ असं करायला लागले तर?"

"तर वाट लागेल. कळतं मला."

"नोकरी जाईल, पेन्शन जाईल. असं किती दिवस करणार?"

"ब्याण्णव वर्षांची आहे गं ती."

कंपाउंडरने रुक्मिणीचा नंबर पुकारला. तिने शेजारच्या बाईला पुढे जायची खूण केली. मागे बायकोचा आवाज खाली आला.

"पुढची तारीख कधी आहे?"

"मंगळवारी."

"मग एकटे उचलायला जाऊ नका. एका बाजूने मी धरीन."