जुन्या नंबरवर मी बोलले त्याबद्दल

नाव: सगळे मुकी म्हणतात. मुकी नाही, कमी बोलते. वय सोळा. शाळा सातवीनंतर सुटली. धंदा: इस्त्रीच्या दुकानात कामाला. राहणार रेडिओ टॉवरच्या भिंतीमागच्या खोलीत, वडिलांबरोबर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझ्या वडिलांना, अण्णांना, दिसत नाही. ते घरोघरी जाऊन वेताच्या खुर्च्या विणतात. परत येताना रेडिओ कानाशी आडवा धरून गोल फिरतात. आवाज एकदम बारीक झाला की रेडिओचं टोक टॉवरकडे असतं. तसंच टोकाच्या दिशेने चालत राहायचं, जवळ जाताना आवाज वाढत गेला की वाट बरोबर. काटा टॉवरच्या स्टेशनवरून हलू नये म्हणून त्यांनी तो डिंकाने चिकटवलाय.

स्टेशन नव्या नंबरवर जाणार हे महिनाभर रेडिओवर सांगत होते. मी काटा सोडवू म्हटलं, तर अण्णा म्हणाले, "टॉवर इथंच आहे ना? मग आवाज कुठं पळतोय?"

काल दुपारी दुकानातला रेडिओ गप्प झाला. मालकाने काटा फिरवला, तर नव्या नंबरवर टेस्टिंगची शिट्टी वाजत होती. अण्णा त्या वेळी हायवेपलीकडे, खाणीजवळच्या बंगल्यात कामाला होते. मी धावत बंगल्यावर गेले. ते निघून गेले होते. रस्त्यावर सापडले नाहीत. खाणीला कुंपण नाही.

तिथून रेडिओ स्टेशनवर गेले. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "टेस्टिंग चालू आहे, बाहेरच्यांना मनाई." मी त्याला ढकलून आत गेले. त्याची तक्रार खरी आहे.

आत इंजिनियर बाई होत्या. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुंपणापाशी येऊन 'आज खरखर फार आहे' असं ओरडतात, ते तुझे अण्णा?" मी मान हलवली. त्यांनी जुन्या नंबरचा ट्रान्समीटर परत चालू केला. तो माझ्या सांगण्यावरून केला, हे लिहून घ्यावं. गाण्यांची लाईन नव्या नंबरला जोडलेली होती, म्हणून माझ्यापुढे माईक ठेवला.

"मला बोलता येत नाही," मी म्हटलं.

"मग इस्त्री कशी करतेस ते सांग. थांबलीस की त्यांची वाट बंद."

मी म्हणाले, "अण्णा, मी आहे. पाऊल उचलू नका. आधी रेडिओ फिरवा." मग शर्ट सांगितला. आधी कॉलर, मग बाह्या, बटणांच्या मधून टोक कसं न्यायचं. शर्ट संपले, पँटी झाल्या, मालक कसा घोरतो तेही सांगितलं. घसा बसला तरी थांबले नाही.

शेवटी बाहेर वॉचमन ओरडला, "आले! म्हातारबुवा आले!" गेट त्यानेच उघडलं. अण्णांच्या चपला खाणीतल्या खडीच्या धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या.

आत येऊन म्हणाले, "एवढं बोलतेस होय गं? घरात तर मीठसुद्धा मागत नाहीस." मग माझा हात सोडेनात.

आज सकाळपासून गिऱ्हाईकं दुकानात येऊन मला बघून जातात. मालक माझ्याशी बोलत नाही. काटा अण्णांनी स्वतः सोडवून नव्या नंबरवर लावला आणि परत चिकटवला.

जबाब हवालदारांनी वाचून दाखवला. मला ऐकू आला, पण बाकावर बसलेल्या अण्णांना आला नाही. म्हणून मी म्हटलं, "मोठ्याने वाचा." त्यांनी पहिल्यापासून परत वाचला. सांगितलं तसाच लिहिलाय. सही केली.