सामाईक टाकीचा वॉल

नळ स्वतः दुरुस्त करावा का, हे मला विचारू नका. प्लंबर आला नाही म्हणून मी चिडून गच्चीवरच्या सामाईक टाकीचा वॉल बंद केला आणि पान्हा घेऊन बसलो. थोड्या वेळाने खालून गलका ऐकू आला. तळमजल्यावरचे वासुदेवराव इतवारीतल्या मोठ्या भावाला अग्नी देऊन घाटावरून परतले होते आणि अंघोळीला पाणी नव्हतं. सगळे दाराबाहेर ताटकळले होते. मी पान्ह्यासकट खाली आलो आणि पत्रकाराच्या सवयीने तिथूनच पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला फोनवर झापलं, "घाटावरून माणसं आलीत, लाज वाटते का?"

वासुदेवराव हळूच म्हणाले, "त्याले काहून बोलून राहिले, भाऊ? पान्हा तर तुमच्या हातात हाय."

मी धावत जाऊन वॉल उघडला. मग त्याच इंजिनिअरला पुन्हा फोन लावला. इतक्या वर्षांच्या पत्रकारितेत माफी मागण्यासाठी केलेला तो पहिलाच फोन.