पायरीवरची फळी

वारसा मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष लँगलीसाहेब, मंचावर बसलेले आपले पाद्री कॉट्स, मंडळाचे सभासद आणि गुरुवारचा बाजार आटोपून धावतपळत आलेले माझे शेजारी,

देवाच्या कृपेने उभी आहे. मी बेताची शिकलेली, घर सांभाळणारी बाई. आज आपण मला निरोप देता आहात, वर मानपत्र आणि आमच्या दुकानाची ही मोठी तसबीर. मी आभारी आहे.

आमचं लोखंडी सामानाचं दुकान म्हणजे संरक्षित इमारत. काच, दार, पायरी, काही बदलायचं नाही. आम्ही बदललं नाही. रंगसुद्धा मंडळाने सांगितला तोच दिला.

पायरी मात्र मधोमध झिजून वाटीसारखी झालेली. माझे पती सायरिल गुडघ्यांनी अधू. कठडा मागितला, मिळाला नाही. नियम आहे, तक्रार नाही. मग त्यांनी जुन्या कपाटाची फळी खळग्यावर टाकली. गिऱ्हाइकं विचारायची, "काय हो सायरिल, पूल कशाला बांधलात? राणीसाहेब येणारेत का?" ते म्हणायचे, "तुम्ही आलात, तेवढं पुरे. हळू चाला, नाहीतर पुलाचं भाडं लावीन."

गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या दिनदर्शिकेसाठी फोटो काढायला माणसं आली. म्हणाली, "तेवढी फळी काढता का? जुनी पायरी झाकली जातेय." सायरिलनी स्वतःच ती मागच्या अंगणात नेऊन ठेवली, टाय नीट केला आणि दारात उभे राहिले. फोटो चांगला आला. तोच हा.

मंडळी निघाली. एकांची टोपी गल्ल्यापाशी राहिली, म्हणून सायरिल ती घेऊन घाईने बाहेर पडले. पायाला फळीची सवय होती, आणि फळी अजून मागच्या अंगणातच.

दफन झाल्यावर टोपी मी पोस्टाने पाठवली. मिळाली ना, लँगलीसाहेब?

असो. सोमवारपासून दुकान पॉलीन घेते आहे, केक विकणार. तिची आई काठी टेकत चालते. फळी मी घासूनपुसून दाराआड ठेवली आहे. पॉलीन म्हणाली, "एनिडमावशी, पायरीवर टाकली तर मंडळ रागावेल हो." आता मंडळ समोरच बसलं आहे, तर विचारते. टाकू द्याल का तिला? घाई नाही, मी उभी आहे.

साहेबांनी होकाराची मान हलवली. पॉलीन, पाहिलंस ना? सगळ्यांनी पाहिलं.

तसबीर घरी नेते. सायरिल तिच्यात छान दिसतात. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल तर पोटात घाला. चहा शेजारच्या खोलीत ठेवलाय. जाताना पायरी बघून उतरा.